पुलाखालचा हिरो

आयुष्यात एकदाच मी टीव्ही मांडीवर घेऊन एसटीनं प्रवास केला. परभणी ते बोरी. भाड्यानं आणलेला टीव्ही माझ्या मांडीवर, त्याच्याभोवती आईची गोधडी, आणि व्हिडिओचं यंत्र शेजारी थोरल्या भावाच्या मांडीवर. कंडक्टर वाकून बघत म्हणाला, "ताई, लेकरू लय चौकोनी हाय तुमचं." अख्खी जिंतूर गाडी हसली. मीही हसले. एरवी मला असं कुणी बोललेलं खपायचं नाही, पण त्या दिवशी मला काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. माझ्या पर्समध्ये ती कॅसेट होती ना!

मी तेव्हा परभणीला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. कृषी विद्यापीठाच्या क्वार्टर्समध्ये राहणाऱ्या मैत्रिणीकडे मी ती फिल्म पाहिली होती. कार्टून. कार्टून म्हणजे उंदीर-मांजरं, एवढीच तोवर माझी समजूत. हे भलतंच निघालं. एका मोठ्या शहरात एक हिरो असतो. तरुणपणी आगगाड्या उचलायचा, आभाळात उडायचा, गावच्या गाव वाचवायचा. आता म्हातारा झालेला. पांढऱ्या मिशा, पाठीत पोक, पोट सुटलेलं. उठताना गुडघ्यावर हात ठेवून आधी कण्हतो, मग उठतो. लोक त्याला ओळखतसुद्धा नाहीत. मग शहरावर एक लोखंडी राक्षस चालून येतो, आणि हा म्हातारा पेटीतला आपला जुना पोशाख काढतो. तो पोशाख गळ्याशी बसतच नाही! म्हातारा श्वास आत घेतो, पोट आत घेतो, तरी बसत नाही.

मी मैत्रिणीच्या घरात मोठ्यानं ओरडले, "अगं बाई, हे तर आमचे अण्णा!"

अण्णा म्हणजे माझे वडील. मी शेंडेफळ, त्यामुळे मला कळायला लागलं तेव्हाच त्यांच्या मिशा पांढऱ्या होत्या. शेती होती, पण गावात त्यांची ओळख शेतीमुळे नव्हती. ते पोथीचा अर्थ सांगायचे. आमच्याकडे श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एकजण ओवी वाचायचा आणि दुसरा तिचा अर्थ आपल्या बोलीत उलगडून सांगायचा. वाचणारे बरेच होते, अर्थ सांगणारे अण्णा एकच. युद्ध आलं की देवळात धूळ उडते आहे असं वाटायचं. रुक्ष माणसंही डोळे पुसायची. आणि एक नियम ते कधी मोडत नसत. वाईट जागी पोथी थांबवायची नाही. देव बंदीत असला, राजा वनात असला, कुणी बाण लागून पडलेलं असलं, की पोथी बांधायची नाही. तो सुटेपर्यंत, उठेपर्यंत वाचायचं. घरोघर भाकरी वाळून जायच्या, पण अण्णा म्हणायचे, "त्याला तसा टाकून आपुन जेवायचं व्हय?"

मग एका श्रावणात ते अडकले. ऐन युद्धात. वाचणाऱ्यानं ओवी वाचली आणि अण्णांनी तोंड उघडलं, आणि पुढचं काही येईनाच. "आन्... आन्..." एवढंच. सगळे त्यांच्याकडं बघतायत आणि ते छताकडं. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णाची कॅसेट अडकली." देऊळ हसलं. इतकी वर्षं त्यांच्या शब्दावर रडलेली माणसं पोट धरून हसली. आणि आता लिहूनच टाकते, मीही हसले. ओढणी तोंडाला लावून, पण हसले. अण्णांनी ते पाहिलं.

त्यानंतर ते देवळात गेले नाहीत. पुढच्या श्रावणात पोथी लागलीच नाही. घरातही त्यांचं बोलणं 'हूं' आणि 'न्हाई' एवढ्यावर आलं. आई चिडायची, "घरात माणूस हाय का खांब रवलाय?" खांबानं उत्तर दिलं नाही. दोन वर्षं असं चाललं होतं. रोज जेवताना मला ते हसू आठवायचं.

म्हणून ती कॅसेट. मला अण्णांना तो म्हातारा दाखवायचा होता. कुणी ओळखत नसताना तो कसा उठतो, गळ्याशी न बसणारा पोशाख घालून कसा उडतो, हे एकदा त्यांच्या डोळ्यांनी त्यांना बघू दे, मग बघू कसे गप्प राहतात! वीस वर्षांच्या मुलीची अक्कल. पण मला पक्की खात्री होती.

एक अडचण होती. फिल्मच्या शेवटी तो म्हातारा मरतो.

राक्षसाला तो लोळवतो, ते सगळं झकास. पण मारामारीत शहरातला मोठा दगडी पूल खचायला लागतो. पुलावर माणसंच माणसं. म्हातारा खाली जाऊन पूल खांद्यावर तोलून धरतो. शेवटचा माणूस पलीकडं जातो, आणि पूल त्याच्या अंगावर कोसळतो. मग शहर तिथं फुलं वाहतं. संपलं. मैत्रिणीकडं मी हुंदके देऊन रडले होते. हे अण्णांना दाखवायचं? छे! मी ठरवलं, राक्षस पडला रे पडला की फिल्म बंद करायची. चांगल्या जागी पोथी बांधायची. त्यात काय एवढं अवघड!

आमच्या घरात एवढी माणसं मावली नसती, म्हणून मी शाळेतल्या गुरुजींकडं गेले. गुरुजी बौद्ध वस्तीतले. ती नामांतराची वर्षं होती. आधीच्या दंगलीनंतर गावात कामापुरतं बोलणं राहिलं होतं, बाकी आमची आळी आमच्या जागी आणि वस्ती वस्तीच्या जागी. मारुतीच्या देवळात पोथीला वस्तीतलं कुणी यायचं नाही. का यायचं नाही, हे आम्ही कधी विचारलंही नाही. पण शाळा दोघांची होती. गुरुजींनी लगेच सातवीच्या वर्गाची किल्ली काढली. "रविवारी दुपारी घे. पण सगळ्यांना बोलवायचं," ते म्हणाले. "सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना." मी म्हटलं, "तर काय!"

खिडक्यांना पोती लावली, त्यावर ताडपत्री. वर्गात भर दुपारी अंधार झाला. फक्त आवाजाचं काही करता येईना. शाळेच्या भिंतीला लागूनच नवी विजेची गिरणी बसली होती आणि रविवारी सगळ्या गावाचं दळण यायचं. गुरुजी म्हणायचे, मी पाढे पोरांना शिकवत न्हाई, गिरणीला शिकवतो. टीव्हीचा आवाज होता तेवढा मोठा केला. टीव्ही आणि यंत्र, दोन्हींच्या वायरी एका लाकडी बोर्डात खुपसल्या, बोर्डाची वायर भिंतीत, आणि मी त्या भिंतीला टेकून बसले.

अण्णा यायला तयार नव्हते. आईनं त्यांना उठवलं, "पोरगी टीव्ही मांडीवर घेऊन आली परभणीहून, अन् तुमाला चार पावलं चालायला काय झालं?" ते आले. सगळ्यात मागं, दाराजवळ, घोंगडीची घडी करून बसले. खांब तो खांबच.

वर्ग खचाखच भरला. आमच्या आळीतले डावीकडं, वस्तीतले उजवीकडं, असे आपोआप बसले. पुढं मधोमध मात्र गुरुजींची आई. सत्तरीची, लुगड्याचा काष्टा घट्ट, आवाज खणखणीत. तिला नीट दिसत नव्हतं, म्हणून ती टीव्हीच्या अगदी नाकाशी बसली. तिला तिथून हलवायची हिंमत कुणात नव्हती.

फिल्म सुरू झाली आणि पहिल्या दोन मिनिटांतच माझी फजिती. सगळं इंग्रजीत! मैत्रिणीकडं मला चित्रांवरून समजलं होतं, ते मी आपलं इंग्रजी समजलं म्हणून धरून चालले होते. माझं इंग्रजी पाठ केलेल्या निबंधांचं. तरी मी उभी राहिले. म्हटलं, "आता तो म्हणतोय की, मी म्हातारा झालो."

"ते दिसायलंच की गं!" डावीकडून आवाज आला.

"आता तो पेटी उघडतोय."

"बातम्या काय सांगायलीस? अर्थ सांग, अर्थ!"

सगळे हसले आणि दोन-चार माना आपसूक मागं, दाराकडं वळल्या. अण्णा टीव्हीकडं बघत होते. चेहऱ्यावर काही नाही. मी जीभ चावून खाली बसले.

पण काय सांगू, त्या म्हाताऱ्यानं वर्ग ताब्यात घेतला! अर्थाची गरजच पडेना. तो गुडघ्यावर हात ठेवून उठला तशी गुरुजींची आई टीव्हीला म्हणाली, "अरे, आधी तेल लाव गुडघ्याला." पोशाख गळ्याशी बसेना तेव्हा बायका एकमेकींवर पडून हसल्या. तो पहिल्यांदा उडायला गेला आणि धपकन कचऱ्याच्या ढिगात पडला तेव्हा वर्गात "आरारारा!" झालं. आणि दुसऱ्या वेळी तो उडाला! मिशा वाऱ्यावर, पोट ढगावर घासतंय, पण उडाला! शिट्ट्या, टाळ्या, कुणाची टोपी वर गेली ती वाशात अडकून बसली. डावं-उजवं राहिलंच नाही. सगळे सरकत सरकत टीव्हीपाशी गोळा झाले होते. मी वळून पाहिलं. अण्णा घोंगडीवरून पुढं सरकले होते. एक हात हवेत उचललेला. अर्थ सांगताना ते उचलायचे तसाच.

राक्षस आला. काय ती मारामारी! मी स्वतः उड्या मारत होते. "हाण! कानाखाली हाण!" म्हणून ओरडत होते. राक्षस आडवा झाला. वर्गात इतका जल्लोष झाला की भिंतीवरचा नकाशा खाली आला. मीही नाचले. आणि नाचता नाचता जे करायचं तेच विसरले.

भान आलं तेव्हा म्हातारा पुलाखाली शिरला होता.

मी पुढं धावले, पण मध्ये माणसांचा गठ्ठा. यंत्राचं बटण हाताला येईना. पुलावरून माणसं पळत होती. शेवटचा माणूस पलीकडं गेला. पूल वाकला. दगड कोसळायला लागले, एक, दोन, दहा. म्हाताऱ्याचा फक्त हात दिसत होता. आता फुलं येणार, आणि अण्णा बघणार. मी मागं वळले, भिंतीशी झेपावले आणि ती वायरच खसकन उपटली.

अंधार.

"गेली!" मी ओरडले. "लाईट गेली!"

कुणी हललं नाही. ऐन रंगात लाईट गेली की आमचं गाव वीज मंडळाच्या सात पिढ्या उद्धारायचं. त्या दिवशी कुणी एक शब्द बोललं नाही. ताडपत्रीच्या फटीतून एक उन्हाची तिरीप येत होती, तेवढीच. मी वायर ओढणीखाली दाबून भिंतीला पाठ लावून उभी. आता सगळे उठतील, घरी जातील, आणि म्हातारा कायमचा पुलाखाली. हे तर मी आणखीच वाईट करून ठेवलं होतं! याहून वाईट जागा दुसरी कुठली होती?

मग गुरुजींचा आवाज आला. सावकाश. "अण्णा, तुमी अर्थ सांगता म्हणून आमी लय ऐकलं. पण तुमचा अर्थ आमच्या कानावर कधी पडला न्हाई. आज पुढचं तुमी सांगा."

मग मागून घोंगडी झटकल्याचा आवाज. कण्हल्याचा आवाज. अण्णा गुडघ्यावर हात ठेवून उठत होते.

"दगूड पडले," अण्णा म्हणाले. दोन वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकला नव्हता. आधी खरखरला, मग मोकळा झाला. "शंभर पडले, हजार पडले. अंधार झाला. आताचा हाय ना, असाच अंधार. म्हातारा म्हणला, झालं आपलं काम. माणसं पल्याड गेली. आता आपल्याला कोण इचारतंय? डोळे झाकावं. पर त्येच्या कानावर पावलं आली. पल्याड गेलेली माणसं मागं फिरली व्हती. जी त्येला वळखत नव्हती, जी त्येला हसली व्हती, ती बी. समदी. आन्..."

ते थांबले.

"आन्..."

तीच जागा. तेच 'आन्'. त्या फटीतल्या उजेडात मला त्यांचा चेहरा दिसत होता, वर छताकडं वळलेला. देवा, कुणी हसू नका. मी मनात हेच म्हणत होते, कुणी हसू नका, कुणी हसू नका.

"आन् काय!" गुरुजींची आई कडाडली. "पहार लावा की! हातानं निघंल का त्यो दगूड? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलीय म्या. आधी पहार लावा!"

"पहार लावली!" अण्णा गरजले.

आणि मग जे सुरू झालं! "खालून लावा, खालून!" कुणीतरी ओरडलं. "हळू रं, पाय दबला असंल त्येचा!" एक बाई म्हणाली, "टोपल्या घ्या, बायांनी रांग धरा." दुष्काळी कामावर त्या वर्गातल्या निम्म्या माणसांनी दगड उचलले होते, एकाच रांगेत, एकाच उन्हात. त्यांना दगड कसा हलवायचा ते ठाऊक होतं. अण्णा सांगत होते आणि वर्ग उपसत होता. अण्णा म्हणत, "मोठी शिळा आली," की पंचवीस आवाज म्हणत, "हुईश्शा!" माझा भाऊ, जो अण्णांसमोर कधी तोंड उघडत नाही, तो ओरडला, "अण्णा, हात दिसायलाय का?" अण्णा म्हणाले, "बोट दिसलं!" मी रडत होते, हसत होते, आणि तिथंच वायर धरून "हुईश्शा" म्हणत होते.

म्हातारा निघाला. धुळीनं माखलेला, एक मिशी वाकडी झालेली. लोकांनी विचारलं, काय पाहिजे? अण्णा म्हणाले, "त्यो म्हणला, आधी पाणी द्या. मग म्हणला, लय भूक लागली." तेवढ्यावर पोथी बांधली. सगळे उठले, कपडे झटकले. गुरुजींच्या आईनं जाताना अण्णांना म्हटलं, "इतके दिस कुठं व्हतास रं बाबा?" अण्णांनी घरी येऊन आईकडं दुसरी भाकरी मागितली आणि मीठ कमी झालंय म्हणून भांडण केलं. आई भांडता भांडता रडायला लागली.

कॅसेट मी दुसऱ्या दिवशी परत केली. शेवट कुणी पाहिला नाही, आणि मी कुणाला सांगितला नाही.

गुरुजींनी पुढच्या शनिवारपासून अण्णांना शाळेत बोलवायला सुरुवात केली. सकाळची शाळा सुटताना व्हरांड्यात ते गोष्ट सांगायचे. पोरं असायची, येणारी-जाणारी माणसं थांबायची, दळणाचे डबे घेऊन बायका टेकायच्या. कधी मध्येच 'आन्...' झालं की पोरंच पुढचं सुचवायची. अडकणं ही त्यांच्या गोष्टीतली सगळ्यांची आवडती जागा झाली. ते असं चार वर्षं चाललं.

शेवटच्या वर्षी मी नोकरीला लागले होते. सुट्टीत आले होते आणि शनिवारी त्यांना न्यायला शाळेत गेले. गोष्ट संपली होती, पोरं पांगली होती. अण्णा व्हरांड्याच्या पायरीवर बसून शेजारच्या गिरणीचा घरघराट ऐकत होते.

"त्या दिवशी बी चालूच व्हती ती," ते म्हणाले.

"कोणत्या दिवशी?"

"तू लाईट घालवलीस त्या दिवशी."

गिरणी! विजेची गिरणी! भिंतीपलीकडं सगळा वेळ दळत होती, आणि मी मठ्ठासारखी "लाईट गेली" म्हणून ओरडत होते.

"म्हणजे तुमाला तेव्हाच कळलं?"

"मला एकट्याला व्हय? अख्ख्या वर्गाला कान व्हते. गुरुजीला तर पैलं कळलं."

"मग कुणी बोललं कसं न्हाई, अण्णा?"

"खुळी का काय तू? माणूस दगडाखाली असताना लाईटीची चौकशी कोण करतं?" ते म्हणाले, आणि एक हात गुडघ्यावर ठेवून दुसरा माझ्याकडं केला. "चल. उठव आता."